सीआरपी वाढलाय म्हणजे नक्की काय? दाहाच्या रक्ततपासण्या घरी कशा वाचायच्या

पाऊस लागला की फोंड्यातल्या आमच्या लॅबच्या बाकावर सकाळी सातपासून माणसं बसलेली असतात. कुणी सावईवेऱ्याहून पहिल्या बसने आलेलं, कुणी शिरोड्याहून, कुणी बोरीहून. दाराशी छत्र्यांचा ढीग, त्याखाली पाण्याचं तळं. संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जातात आणि दहाव्या मिनिटाला फोन वाजायला लागतो. "बाय, माझा सीआरपी ठळक अक्षरांत आलाय. काय झालंय मला?" सीआरपी म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रोटीन.

बावीस वर्षं मी इथे रक्त काढते, नळ्या फिरवते, रिपोर्ट टाइप करते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे फोनवर निदान सांगत नाही आणि कुणी सांगितलं तर तुम्हीही ऐकू नका. पण तो कागद वाचायचा कसा, हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. आकडा एकटा काही बोलत नाही. रक्त कधी घेतलं, आकडा कुठल्या मापात आहे आणि ते शरीर कुणाचं आहे, हे तीन प्रश्न विचारले की निम्म्या लोकांची भीती तिथेच उतरते. थोड्यांची वाढते, आणि त्यांची वाढायलाच हवी असते.

आधी 'दाह' म्हणजे काय ते

विळीवर बोट कापलं की दुसऱ्या दिवशी तिथे लाल होतं, गरम लागतं, सुजतं, ठणकतं. हा दाह. शरीराने स्वतःहून पाठवलेली दुरुस्तीची टोळी आहे ती. तोच प्रकार फुफ्फुसात, आतड्यात, सांध्यात, रक्तवाहिनीच्या भिंतीत चालू असेल तर डोळ्यांना दिसत नाही. रक्तात मात्र त्याचा माग उमटतो आणि आम्ही तो माग मोजतो.

आपल्याकडे दाहाला सर्रास 'इन्फेक्शन' म्हणतात. "अंगात इन्फेक्शन आहे म्हणे, सीआरपी वाढलाय." इथेच पहिली गाडी घसरते. इन्फेक्शन हे दाहाचं एक कारण, फार मोठं कारण, पण एकुलतं एक नाही. संधिवात, गाऊट, मोडलेलं हाड, नुकतंच झालेलं ऑपरेशन, हृदयविकाराचा झटका, काही कॅन्सर, या सगळ्यांत हे आकडे वर जातात. म्हणून सीआरपी बघून फार्मसीतून स्वतःच अँटिबायोटिक आणणं म्हणजे धूर दिसला म्हणून कुणाच्याही घरात पाणी ओतण्यासारखं आहे. चूल कुणाची पेटलीय ते बघायला नको का?

पहिलं काम: कागदाचा वरचा भाग वाचा

सगळे जण थेट ठळक आकड्यावर जातात. त्याआधी वरच्या चार ओळी बघा. तिथे नाव आणि वय असतं (एकाच नावाची दोन माणसं आमच्याकडे आठवड्याला एकदा तरी येतात, तेव्हा वय जरूर पडताळा). नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ असते. रिपोर्ट छापल्याची वेळ वेगळी, ती कामाची नाही. कधी वेळ लिहिलेलीच नसते. तसं असेल तर रक्त काढताना घड्याळात बघा आणि स्वतः लिहून ठेवा. ती का लागते ते पुढे येतंच.

मग माप. बोरीच्या एका काकांची गोष्ट सांगते. त्यांच्या पायाला जखम होऊन पू झाला होता. पहिली तपासणी त्यांनी मडगावच्या एका लॅबमध्ये केली, सीआरपी आला ४.२. औषधं सुरू झाली. तीन दिवसांनी आमच्याकडे तपासणी केली, आकडा आला ३८. काका थरथरत आले. "नऊपट वाढला बाय, पाय कापायला लागणार की काय?" दोन्ही कागद शेजारी ठेवले. मडगावच्या रिपोर्टवर माप होतं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आमच्यावर मिलिग्रॅम प्रति लिटर. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर. म्हणजे त्यांचा पहिला आकडा आमच्या मापात ४२ होता. ४२ वरून ३८. वाढला तर नव्हताच, पण तीन दिवसांच्या औषधानंतर उतरायला हवा तेवढा उतरलाही नव्हता, आणि खरी काळजीची गोष्ट ती होती. डॉक्टरांनी जखम उघडून बघितली तर आत पूचा कप्पा राहिलेला होता.

तेव्हा आकड्याशेजारी एम-जी नंतर तिरकी रेघ आणि पुढे नुसता एल आहे की डी-एल, ते बघा. डी-एल असेल तर दहाने गुणा. शक्यतो फेरतपासणी त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे हा गुणाकार करावाच लागत नाही.

शेजारी 'नॉर्मल' पल्ला छापलेला असतो. सीआरपीसाठी कुणी ५ पर्यंत लिहितं, कुणी ६, कुणी १०. यंत्र आणि रसायन बदललं की पल्ला बदलतो, त्यामुळे ज्या कागदावर आकडा आहे त्याच कागदावरचा पल्ला धरायचा. गावातल्या लहान लॅबमध्ये अजून काचेच्या पट्टीवर थेंब टाकून करायची सीआरपी असते. द्रावणात गुठळ्या दिसल्या तर 'पॉझिटिव्ह', नाहीतर 'निगेटिव्ह'. ती चुकीची नाही, पण तिच्यात वाढ-घट नीट कळत नाही. मागोवा घ्यायचा असेल तर आकड्यात मिळणारी तपासणी मागा.

उपाशी यायचं का, हे रोज विचारतात. सीआरपी आणि ईएसआर (दाहाची दुसरी तपासणी, ती पुढे येतेच) यांना उपाशीपोटी यायची गरज नाही. पेज जेवून या. सोबत साखर किंवा लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) असेल तर गोष्ट वेगळी.

सीआरपी: घड्याळाबरोबर वाचायचा आकडा

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटायचं, म्हणून नावात सी. ते यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह पेटला की तिथून यकृताला निरोप जातो आणि यकृत हे प्रोटीन भराभर रक्तात सोडायला लागतं.

भराभर म्हणजे किती? दाह सुरू झाल्यावर पाच-सहा तासांत आकडा हलायला लागतो आणि साधारण दोन दिवसांत शिखरावर पोचतो. कारण थांबलं की उतरतोही तितक्याच घाईने, कारण रक्तातलं निम्मं सीआरपी सुमारे १९ तासांत संपतं. नवीन बनणं पूर्ण थांबलं असेल तर आकडा रोज निम्म्याहून खाली यायला हवा. प्रत्यक्षात कारण एका क्षणात थांबत नाही, म्हणून उतार थोडा संथ असतो, पण दिशा दोन-तीन दिवसांत स्पष्ट दिसते.

आता नमुन्याची वेळ का हवी ते बघा. रात्री दहाला थंडी वाजून ताप आला आणि मध्यरात्री रक्त दिलं, सीआरपी ४. माणूस निर्धास्त होतो. पण यकृताला अजून निरोपच पोचलेला नाही. तोच माणूस दुसऱ्या संध्याकाळी ९० दाखवू शकतो. म्हणून तापाच्या पहिल्या काही तासांतल्या नॉर्मल सीआरपीवर विसंबू नका. उलट, औषध लागू पडून ताप गेलाय, भूक लागतेय, आणि आदल्या दिवशीचा आकडा अजून ६० दाखवतोय, तर घाबरायचं कारण नाही. तो कालचा आहे.

आकड्यांचा अंदाज मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये सांगते, पण कुंपणासारखा पक्का धरू नका. ३ ते १० ची किरकोळ वाढ लठ्ठपणात, सिगारेट ओढणाऱ्यांत, हिरड्या सुजलेल्या असतील तर, नुकत्याच सर्दीनंतर, अगदी निरोगी दिसणाऱ्या माणसातही सापडते. १० ते ४० मध्ये बरेच विषाणूचे ताप असतात, पण जिवाणूंचा सुरुवातीचा संसर्गही इथेच असतो. १०० च्या वर गेला की बहुतेक वेळा जिवाणूंचा मोठा संसर्ग निघतो. बहुतेक वेळा, नेहमी नाही. मलेरियात जिवाणू नसतो, तरी सीआरपी सहज शंभरी ओलांडतो.

आणि दोन ठिकाणी सीआरपी फसवतो. यकृतच फार निकामी असेल तर ते प्रोटीन बनवणार कुठून? आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आकडा दबलेला असतो. घरात दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी कुणी 'ती पांढरी बारीक गोळी' घेत असेल तर तिचं नाव लॅबमध्ये नाही तरी डॉक्टरांना सांगाच.

ईएसआर: तासभर उभी राहिलेली नळी

ही माझी आवडती तपासणी, कारण ती डोळ्यांनी दिसते. काळ्या टोपणाच्या बाटलीत रक्त येतं, त्यात ते गोठू नये म्हणून सायट्रेट असतं. ते अरुंद काचेच्या नळीत २०० च्या खुणेपर्यंत भरायचं आणि नळी स्टँडमध्ये अगदी सरळ उभी करायची. घड्याळ लावायचं. लाल पेशी हळूहळू खाली बसायला लागतात आणि वर पिवळसर, नितळ पट्टी दिसू लागते. एका तासाने ती पट्टी किती मिलिमीटर आहे ते मोजायचं, झाला ईएसआर. पोलंडच्या बिएर्नात्स्कींनी १८९७ मध्ये हा वेग मोजला, स्वीडनच्या वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये आजची पद्धत बसवली.

दाह असेल तर रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रोटीन वाढतात. त्यांच्यामुळे लाल पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात. चळत जड, ती लवकर बसते, पट्टी लांब होते.

पण ही पद्धत जितकी साधी तितकी हळवी. माझीच चूक सांगते. नवीन असताना मी स्टँड सेंट्रिफ्यूजच्या (नळ्या गरगर फिरवायच्या यंत्राच्या) शेजारी ठेवलं होतं, आणि एक नळी किंचित कललेली होती. ईएसआर आला ५८. माणूस ठणठणीत. सरांनी नळीकडे बघितलं, काही न बोलता स्टँड उचलून कोपऱ्यातल्या कडाप्प्यावर नेऊन ठेवलं आणि पुन्हा भरायला सांगितली. आला २२. नळी तीन अंश कलली तरी वेग तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, हे मला तेव्हा कळलं. कंपन, उन्हाची तिरीप, मे महिन्यातली विनाएसीची खोली, चार तासांहून शिळं रक्त, यातल्या प्रत्येकाने आकडा हलतो. तेव्हा माणूस बरा आणि ईएसआर भलताच, असं असेल तर आधी पुन्हा करून घ्या.

यंत्राबाहेरच्या गोष्टी आहेत त्याही मोठ्या. वय वाढलं की ईएसआर वाढतो, बायकांचा पुरुषांपेक्षा जास्त असतो, गरोदरपणात तर चांगलाच वर जातो. छापील पल्ल्यात २० लिहिलेलं असतं म्हणून सत्तरीच्या आजीला २० लावायचे नसतात. एक ढोबळ हिशेब डॉक्टर वापरतात: पुरुषांसाठी वय भागिले दोन, बायकांसाठी वयात दहा मिळवून भागिले दोन. बहात्तरच्या आजीसाठी ४१ पर्यंत चालतं.

अशाच एक आजी, सावईवेऱ्याच्या कुळागरातल्या (पोफळी-नारळाच्या बागेतल्या). ईएसआर ४६. शेजारणीने सांगितलं, रक्तात सूज आहे, कॅन्सर असतो असा. आजींनी तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. त्यांच्याच कागदावर दोन ओळी वर हिमोग्लोबिन ९.१ होतं आणि सीआरपी ३. रक्त पातळ असलं की लाल पेशी गर्दीशिवाय झपकन खाली बसतात आणि ईएसआर वाढलेला दिसतो. आजींचा खरा प्रश्न हिमोग्लोबिनचा होता, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मूत्रपिंडाच्या आजारातही ईएसआर असाच वर राहतो.

मात्र ईएसआर १०० च्या पुढे असेल तर वयाचा हिशेब मांडत बसू नका. क्षय, हाडाचा किंवा हृदयाच्या झडपांचा संसर्ग, रक्तवाहिन्यांचा दाह, मायलोमासारखा अस्थिमज्जेचा कॅन्सर, यांपैकी काहीतरी शोधायलाच लागतं. थकवा एवढीच तक्रार असली तरी.

दोन्ही एका रांगेत ठेवून

सीआरपी आजचं वर्तमानपत्र, ईएसआर महिन्याचं मासिक. ईएसआर चढायला एक-दोन दिवस घेतो आणि उतरायला कित्येक आठवडे, कारण फायब्रिनोजेन रक्तात दिवसेंदिवस राहतं आणि इतर प्रोटीन त्याहूनही जास्त.

त्यामुळे सीआरपी जास्त आणि ईएसआर नॉर्मल असेल तर आजार बहुधा ताजा, काल-परवाचा. दोन्ही जास्त असतील तर दाह काही दिवसांपासून चालू आहे आणि अजून थांबलेला नाही. दोन्ही नॉर्मल असतील तर मोठा दाह असण्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही.

चौथी जोडी सगळ्यांत जास्त घोळ घालते: ईएसआर जास्त, सीआरपी नॉर्मल. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांत याचं उत्तर रक्तक्षय, वय, किंवा नुकताच बरा झालेला आजार असं साधं असतं. न्यूमोनिया होऊन तीन आठवडे झाले, माणूस शेतावर जायला लागला, सीआरपी २, ईएसआर ४०. हे राहिलेलं मासिक आहे. पण ल्यूपसमध्येही (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) हीच जोडी दिसते, आणि मायलोमामध्येही. तेव्हा कारण सापडत नसेल, गालावर चट्टे, केस गळणं, सांधे दुखणं असेल किंवा पाठीची हाडं सतत दुखत असतील, तर 'सीआरपी नॉर्मल आहे ना' म्हणून फाइल बंद करू नका.

सीबीसीत काय शोधायचं

दाहाच्या तपासण्यांबरोबर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, नसेल तर निम्मी गोष्ट हरवलेली असते, आणि ती स्वस्त आहे. पांढऱ्या पेशी प्रौढांत साधारण ४,००० ते ११,०००. त्यांच्या खाली वाटणी दिलेली असते. त्यात न्यूट्रोफिल ४० ते ७५ टक्के. एकूण वाढलेल्या आणि न्यूट्रोफिल ८५ टक्के असतील तर जिवाणूंकडे बोट जातं. फक्त स्टेरॉइड घेतलं असेल, किंवा माणूस जोराचा पळून आला असेल, तरी न्यूट्रोफिल वाढतात. एकूण पेशीच कमी असतील तर विषाणू किंवा टायफॉइड मनात येतो.

प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. डेंगीमुळे गोव्यात आता शाळकरी मुलालाही कमी प्लेटलेट म्हणजे काय ते माहीत आहे. वाढलेल्या प्लेटलेटकडे मात्र कुणी बघत नाही. महिनोन्‌महिने चाललेल्या दाहात त्या पाच-सहा लाखांवर जातात. लोह कमी असेल तरी जातात.

लोहावरून फेरिटिन. हे लोहाच्या साठ्याचं माप, पण दाहात ते स्वतःच वाढतं. ताप असताना काढलेलं फेरिटिन ६० आलं तर 'लोह भरपूर' असं नसतं. दाह असलेल्या प्रौढात ७० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अल्ब्युमिन या यकृतात बनणाऱ्या प्रोटीनचं उलटं, ते दाहात खाली जातं. यकृताच्या तपासणीत अल्ब्युमिन कमी दिसलं म्हणून प्रोटीन पावडर आणायच्या आधी सीआरपी बघा.

प्रोकॅल्सिटोनिन ही जिवाणूंच्या गंभीर संसर्गाची रक्ततपासणी महाग आहे आणि बाहेरच्या रुग्णाला सहसा लागत नाही. हॉस्पिटलात भरती असताना, सेप्सिसचा (संसर्गाने सगळं शरीरच बिघडू लागल्याचा) संशय असला की डॉक्टर ते मागवतात. हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी ही वेगळी तपासणी, हृदयविकाराचा धोका जोखायला: १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये ती हमखास कोंबलेली असते. चवथीला पाहुण्यांत सर्दी वाटून घेतली आणि त्याच आठवड्यात पॅकेज केलं, तर त्या आकड्याचा हृदयाशी काही संबंध नसतो. १० च्या वर आला असेल तर दोन आठवडे थांबून पुन्हा करायचा.

आपल्याकडचे पावसाळी ताप

जून ते ऑक्टोबर आमच्याकडे तापाचा जो कागद येतो त्यावर बहुधा डेंगी, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूंचा ताप), मलेरिया, टायफॉइड यांच्यातला वाद चालू असतो. दाहाचे आकडे हा वाद मिटवत नाहीत, पण दिशा देतात.

डेंगीत पांढऱ्या पेशी घसरतात, मागोमाग प्लेटलेट घसरतात, सीआरपी सहसा थोडाच वाढतो. लेप्टोतही प्लेटलेट घसरतात, आणि इथेच लोक चकतात. पण लेप्टोत न्यूट्रोफिल वाढलेले, सीआरपी बऱ्याचदा शंभरच्या आसपास किंवा वर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं माप) आणि बिलिरुबिनही (काविळीचं माप) वर सरकलेलं. पोटऱ्या दाबल्या की कळ येते, डोळे लाल होतात. भातलावणीला चिखलात उतरलेला, कुळागराच्या पाटात अनवाणी उभा राहिलेला माणूस असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. 'प्लेटलेट कमी म्हणजे डेंगीच' असं धरून घरी पपईच्या पानांचा रस पीत बसलेल्या लेप्टोच्या रुग्णाचे दिवस वाया जातात, आणि लेप्टोवर अँटिबायोटिक वेळेत मिळालं तर फार फरक पडतो.

मलेरियात प्लेटलेट कमी, सीआरपी जास्त. निर्णय स्लाइडवर. एक स्लाइड निगेटिव्ह आली तरी ताप पुन्हा आल्यास पुन्हा करायची. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे (रानातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या विषाणूच्या तापाचे) रुग्ण सापडत आलेत. तो पावसाचा नाही, कोरड्या दिवसांचा, पण काजूच्या बागेत किंवा रानात जाणं झालं असेल तर तेही सांगायचं.

डेंगीची शंका असेपर्यंत अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको, पॅरासिटामॉल चालतं. आणि डेंगीत ताप उतरण्याचे दिवस हेच जपायचे दिवस असतात. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर सीआरपी किती हे न बघता निघायचं.

सांधे दुखतायत म्हणून केलेली तपासणी

गुडघे झिजलेले असतील तर सीआरपी आणि ईएसआर सहसा नॉर्मल राहतात. सकाळी उठल्यावर हाताची बोटं तासभर आखडलेली, दोन्ही हातांची, आणि आकडे वाढलेले, तर संधिवाताचा विचार होतो. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या दाह मोजत नाहीत, त्या आजार ओळखायला असतात. त्यांचा आकडा दर महिन्याला करून औषधाचा परिणाम बघत बसण्यात पैसे जातात. त्यासाठी सीआरपी पुरतो. काही रुग्णांत संधिवात असूनही सीआरपी नॉर्मल असतो, म्हणून सुजलेला सांधा आणि नॉर्मल कागद यांत डॉक्टर सांध्यावर विश्वास ठेवतात. चिकुनगुनियानंतर सांधे कित्येक महिने दुखतात, आकडे मात्र तेव्हा फारसे वाढलेले नसतातही.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नवीनच कानशिलाकडे डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, आणि ईएसआर-सीआरपी वाढलेले असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. डोक्याच्या रक्तवाहिनीचा दाह असेल तर दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही.

पुन्हा कधी करायची, सोबत काय न्यायचं

चालू संसर्गात डॉक्टर सीआरपी दोन-तीन दिवसांनी मागवतात. रोज करण्यात घरी असलेल्या माणसाला काही हाती लागत नाही. ईएसआर, नळीची चूक असल्याची शंका नसेल तर, आठवड्याच्या आत पुन्हा करू नका, तो फारसा उतरलेला नसतो. बरं वाटत असताना सापडलेली किरकोळ वाढ असेल तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि पुन्हा करा. मधल्या काळात हळदीचं दूध प्या हवं तर. पण चार दिवसांनी सीआरपी उतरला तर श्रेय हळदीला देताना जरा थांबा, सर्दी तशीही गेली असती.

वाट बघायची नाही अशा वेळा: धाप लागणं, गोंधळल्यासारखं बोलणं, लघवी फार कमी होणं, हातपाय थंड पडणं, मान ताठ होणं, ताप तीन दिवसांच्या पुढे जाणं, किंवा वजन घटत जाणं आणि रोज संध्याकाळी ताप येणं. लहान बाळ आणि गरोदर बाई यांच्या बाबतीत तर आकडे घरी वाचूच नका, त्यांचे पल्ले वेगळे असतात.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पाठवलं असेल तर मोबाइलवरचा फोटो पुरत नाही, रांगेत बॅटरी संपते. एका कागदावर लिहा: ताप कधी सुरू झाला, रक्त किती वाजता दिलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, मागच्या महिन्यात कुठला आजार झाला, कुठे काम केलं.

बोरीच्या काकांनी हे फारच मनावर घेतलं. गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाला ताप आला तेव्हा कॅलेंडरचं पान फाडून घेऊन आले. मागे पेन्सिलीने लिहिलेलं: ताप, मंगळवार रात्री आठ. उलटी एक. गोळी, पॅरासिटामॉल, साडेनऊ. मी सुई काढून कापूस दाबला तसं त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, खाली एक ओळ वाढवली, आणि विचारलं, "बाय, तुमचं माप लिटरचं ना अजून?"